तिथीचा सण, ड्युटीचा सण आणि ‘शिळा सण’

रातपाळी | २८ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवाळी संपली. डब्यात चिवड्याचा तळ उरलाय, त्यातले शेंगदाणे धाकट्याने आधीच वेचून खाल्लेत. शंकरपाळे मऊ पडलेत. आणि नोव्हेंबरची ड्युटी लिस्ट लागलीय. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारच्या खिळ्याला ही लिस्ट टांगलेली असते. सासूबाई आधी कालनिर्णय बघतात, मी आधी लिस्ट बघते, आणि मग दोघी एकमेकींकडे बघतो.

मी परळ भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. चौदा वर्षं झाली. घर काळाचौकीला. घरात नवरा, सासूबाई, सातवीतली लेक आणि पहिलीतला धाकटा. दीड दिवसाचा गणपती घरात असतो. सणवार सगळे होतात, पण क्वचितच त्या दिवशी होतात. सासूबाईंनी त्याला नाव ठेवलंय, ‘शिळा सण’. रागाने नाही म्हणत, शिळी पोळी फोडणीला टाकताना म्हणतात ना, तशा सुरात म्हणतात.

यंदाचंच सांगते. नाइट लागल्या त्या नेमक्या १९, २० आणि २१ च्या. म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट वॉर्डात. पहाटेची औषधं, टेंपरेचर, चार्ट भरणं, सकाळच्या सिस्टरला ओव्हर देणं, आणि साडेआठला घरी. दार उघडलं तर दोन्ही पोरं अंगाला तेल चोपडून वर्तमानपत्रावर बसलेली. सासूबाईंनी पाचला उठवून तेल लावलं होतं, पण पुढे आंघोळीला दोघांनी साफ नकार दिला. आई आल्यावर. साडेतीन तास तशीच बसली होती! धाकट्याने मध्येच सोफ्याला पाठ टेकली, तो डाग अजून आहे, आणि तो बहुतेक राहणारच.

सासूबाई म्हणाल्या, सूर्य उगवल्यावर आंघोळ करणारे नरकात जातात. धाकट्याने विचारलं, “मग आई तर नेहमी नाइटवरून आल्यावरच आंघोळ करते?” त्या दोन मिनिटं गप्प. मग “तिची गोष्ट वेगळी” म्हणाल्या आणि उटणं कालवायला आत गेल्या. कारीट टाचेखाली धरलं तर ते सटकून कपाटाखाली गेलं. झाडू घालून बाहेर काढलं, परत टाचेखाली. असा आमचा नरकासुर पावणेदहाला मेला. तोवर खाली चाळीत सगळ्यांचे फटाके फोडून, फराळ खाऊन, दुसरा चहासुद्धा झाला होता.

लक्ष्मीपूजनाला तर घड्याळाशीच शर्यत. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, आणि सातला मला घरातून निघायचं. आरती संपेपर्यंत माझी पर्स खांद्यावर. वॉर्डात ऑक्सिजनपाशी दिवा लावता येत नाही, म्हणून दारात रांगोळी आणि बॅटरीच्या पणत्या. बाकी वॉर्डातली दिवाळी वाईट नव्हती. उत्तरेकडच्या पेशंटांची लक्ष्मीपूजा आदल्या दिवशी, २० लाच झाली होती, त्यामुळे दोन्ही रात्री मिठाई आली. मधुमेहाच्या आजोबांनी उशीखाली लपवलेली बर्फी मी रात्री दोनला जप्त केली.

गणपतीतलं काय सांगू. आमच्याकडून हॉस्पिटल चालत जाण्याएवढं, पण त्या दहा दिवसांत लालबागची गर्दी अशी की बांबूच्या रांगा ओलांडायला पोलिसांना आयकार्ड दाखवावं लागतं. एकदा एका हवालदाराने मला व्हीआयपी समजून पुढे सोडलं, तिथून मी थेट दर्शनाच्या रांगेत. दर्शन घेऊनच ड्युटीवर गेले, लेट मार्क लागला.

आणि पिठोरी. ही माझी आवडती. श्रावणातल्या अमावास्येला आईने खीर-पुरीचं ताट खांद्यावरून मागे धरायचं आणि न वळता विचारायचं, “अतीत कोण?” मागे उभ्या मुलाने आपलं नाव सांगायचं आणि ताट घ्यायचं. माझी आई करायची, म्हणून मी करते. यंदा इव्हिनिंग होती, घरी पोचायला साडेदहा. लेक जागी होती, तिने नाव सांगितलं. धाकट्याला उठवून उभा केला. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मागून काहीच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा झोपेतच म्हणाला, “प्रेझेंट टीचर!”

एवढं सगळं सांगायचं कारण, परवा लेक मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “आमच्याकडे सण उशिरा असतात.” तक्रार नव्हती हो. पाणी किती वाजता येतं हे सांगावं, तशी सांगत होती. पण मला ते लागलं. तिथीला नाही केलं तर तो सण असतो का? मोठेपणी पोरांना काय आठवेल, सण, की मी नव्हते ते? इथे शिफ्टवाले आईबाप असतील, तुम्ही काय करता? आणि नसाल तरी लिहा.

बाकावरचा | २८ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

‘प्रेझेंट टीचर’ वाचून ऑफिसात हसलो. पहिल्या धाग्यालाच सिक्सर. वाचतोय.

दादर_पश्चिम | २८ ऑक्टोबर, दुपारी १.३०

छान लिहिलंय. तरी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तिथी म्हणजे तिथी. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळातलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं तर ती नुसती पूजा, लक्ष्मीपूजन नव्हे. गौरी अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात, त्यांना तुमची ड्युटी लिस्ट दाखवता येत नाही. आज सोयीसाठी एक दिवस हलवला की उद्या रविवार बघून हलवला जातो. सोसायट्यांमध्ये बघतोच आपण, कोजागिरी पौर्णिमेची आणि दूध शनिवारी. चंद्र अर्धा असला तरी चालतो म्हणे.

सुगरण_नाही | २८ ऑक्टोबर, दुपारी १.५२

काका, शनिवारी निदान लोक येतात तरी. आमच्याकडे पौर्णिमेलाच केलं होतं, गच्चीवर सहा माणसं आणि दहा लिटर दूध.

चिंबोरी | २८ ऑक्टोबर, दुपारी २.२०

आमच्याकडे गणपती गावच्या मूळ घरात. सगळ्या भावकीचा एकच. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे आमचा सण सुरू होतो तो साठ दिवस आधी सकाळी आठला, रेल्वेची तिकीट खिडकी उघडते तेव्हा. गेल्या नोव्हेंबरपर्यंत ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. साठ केल्यावर बरं होईल असं वाटलं, पण आता तेवढीच माणसं त्याच मिनिटाला बसतात. तीन फोन, एक लॅपटॉप आणि दिराचं ऑफिस, तरी वेटिंग. उरला तो मुंबई-गोवा हायवे. त्याचं काम २०११ पासून चालू आहे. आमचा मोठा तेव्हा पोटात होता, आता मिसरूड फुटतंय.

रातपाळी, तुमच्या लेकीला उशिराचे का होईना, सण माहीत आहेत. आमच्या पोरांना गणपती म्हणजे ‘गावची सुट्टी’. पण गौरीचा दुसरा दिवस त्यांना पाठ आहे. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य. चिंबोऱ्या असतात, मटण असतं, वडे असतात. मुंबईतल्या शेजाऱ्यांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. माझ्या मुलाने शाळेत ‘आमचा गणेशोत्सव’ या निबंधात ते लिहिलं, बाईंनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. मी त्याच्याखाली ‘होय’ असं लिहून सही करून पाठवलं.

बाकावरचा | २८ ऑक्टोबर, दुपारी २.२४

‘होय’ला माझं अनुमोदन. आणि तुमच्या आयडीचा उलगडा झाला.

बोरिवली_लोकल | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१०

लोकलमधून लिहितोय, टायपो माफ.

शाळेचं नाव निघालं म्हणून. आमच्या मुलाची शाळा वेगळ्या बोर्डाची. एका वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट ठेवली. आम्ही चार पालक भेटायला गेलो तर सांगितलं, कॅलेंडर जूनमध्येच दिलं होतं. दिलं होतं खरं, आम्हीच बघितलं नव्हतं. मग आमच्या दीड दिवसाच्या विसर्जनाला पोरगा गणपतीच्या शेजारी बसून अपूर्णांक करत होता. बायको म्हणाली, बुद्धीची देवता आहे, बसू दे.

दुसरं, एक कबुली. लग्नानंतर दहा वर्षं मी सणाला फक्त आरती आणि फोटो एवढाच होतो. बायकोचा पाय फ्रॅक्चर झाला त्या वर्षी उकडीचे मोदक माझ्यावर आले. आंबेमोहोराची पिठी, वाटीला वाटी पाणी, चिमूट मीठ, थोडं तूप. इथपर्यंत जमलं. मग मी उकड गार होऊ दिली. गार उकड मळायला घेतली की ती भेगाळते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे बायकोने सांगितलं होतं पण मी ऐकलं नव्हतं. एकवीस मोदकांपैकी चौदा फुटले, सारण चाळणीतून खाली पाण्यात. मुलाने ते गुळाचं पाणी चमच्याने प्यायलं आणि दर वर्षी मागतो. म्हणजे आमच्या घरात आता मोदकांबरोबर ‘बाबांचं पाणी’ हा पदार्थ होतो.

सुगरण_नाही | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३१

हात ओला करून गरमागरम मळायची, चटके बसले पाहिजेत. बाकी तुम्ही कबूल केलंत म्हणून सोडलं.

मी फराळ विकत आणते, बचत गटाच्या बायकांकडून. पाच वर्षं झाली. लाडू एवढे घरी करते, कारण मुलीला वळायला आवडतात. सासरच्यांनी दोन दिवाळ्या टोमणे मारले, तिसऱ्या दिवाळीला त्याच चकलीची ऑर्डर माझ्यामार्फत दिली.

दादर_पश्चिम | २८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मोदकांवर गाडी गेली म्हणून माझा मुद्दा सुटत नाही. धागाकर्तीने उत्तर द्यावं.

रातपाळी | २९ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

काका, झोपून उठले आणि तुमचंच उत्तर आधी लिहितेय. राग अजिबात नाही. तुम्ही म्हणता ते सासूबाई इतकी वर्षं म्हणतायत.

पण एक विचारू का? तुमच्याच पंचांगात बघा. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे चांगला महिनाभर. तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. मंगळागौरीला श्रावणातले सगळे मंगळवार मोकळे. जिथे बायकांना एकमेकींकडे जायचं असतं, तिथे मुदत मोठी ठेवलीय. कोणाला अडचण असेल, कोणाचं पोर आजारी असेल, कोणी माहेरी गेलेली असेल, हे कोणीतरी धरलं होतंच ना? मग माझी नाइट ही एक अडचण धरा.

आणखी एक. आमच्या वॉर्डात माझी जोडीदार मुस्लिम आहे. पाडव्याला ती माझी ड्युटी करते, ईदला मी तिची. यंदा पाडवा रविवारी ३० मार्चला, आणि ईद ३१ ला की १ एप्रिलला ते चंद्र दिसल्याशिवाय ठरेना. सिस्टर इन्चार्जने दोन्ही दिवसांवर माझं नाव पेन्सिलने लिहिलं होतं. पाडव्याच्या संध्याकाळी तिचा फोन आला, “दिसला!” मी श्रीखंड खात होते. माझ्या पोरांनी गॅलरीत धाव घेतली, आम्हाला काही दिसला नाही, समोर टॉवर आहे. दुसऱ्या दिवशी ती ड्युटी करून मी घरी येताना तिच्या घरून शीरखुर्म्याचा डबा. पोरांनी गुढीच्या गाठ्यांबरोबर खाल्ला. त्या आठवड्यातला कुठला सण ताजा आणि कुठला शिळा, सांगा बघू.

दादर_पश्चिम | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०

मुदतीचा मुद्दा बिनतोड आहे. मान्य. वटपौर्णिमा आणि हरतालिका बायकांच्याच, त्यांना मात्र मुदत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

पाडवा आणि ईद का जवळ आले ते सांगतो, हा माझा प्रांत. पाडवा अमावास्या संपली की, ईद चंद्र दिसला की, म्हणजे दोन्ही अमावास्येला लागूनच. आपलं आणि त्यांचं वर्ष दोन्ही चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. फरक एवढाच की आपण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास घालून ऋतूंशी जुळवून घेतो, ते घालत नाहीत. म्हणून त्यांची ईद सगळे ऋतू फिरते. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता आणि ईद बरोबर महिन्याने, २२ एप्रिलला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि दोन्ही एका अमावास्येवर आले. २०२४ मध्ये ९ आणि ११ एप्रिल, यंदा ३० आणि ३१ मार्च. पुढच्या वर्षी पाडवा १९ मार्चला, ईद त्याला लागूनच असेल. त्यानंतर मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे, की झाली फारकत. २०२७ मध्ये पाडवा ७ एप्रिलला, ईद त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी. तुमच्या सिस्टर इन्चार्जना सांगा, २०२७ पासून पेन्सिल थोडी सैल.

अधिक ज्येष्ठामुळे पुढच्या वर्षी गणपती १४ सप्टेंबरला, हेही चिंबोरी यांनी टिपून ठेवावं. साठ दिवस मोजायला उपयोगी.

चिंबोरी | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५५

काका, पाया पडते. मोजले. जुलैच्या मध्यात अलार्म लावला.

गावठाणवाली | २९ ऑक्टोबर, रात्री १०.२०

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिस्ती, वांद्र्याच्या बाजूची. आमची मराठी थोडी वेगळी, लिहिताना सरळ करते.

आमचे सण तारखेचे, म्हणून लोकांना वाटतं सोपं. पण नाताळला सुट्टी एकच दिवस, आणि काम पंधरा दिवसांचं. कलकल, म्हणजे आमचा नाताळचा गोड पदार्थ, करायला एकटं माणूस पुरत नाही. पिठाच्या गोळ्या काट्यावर नाहीतर नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायच्या, शंभर-दीडशे. माझी आई संध्याकाळी सगळ्यांना टेबलाला बसवायची, बाबासुद्धा गिरणीतून आले की हात धुऊन बसायचे. आता आम्ही १३-१४ डिसेंबरचा शनिवार-रविवार धरतो, कझिन लोक येतात. नाताळच्या दिवशी मी पण ड्युटीवर असते, हॉटेल लाइन आहे. माझ्या मुलाला विचारलं की तुझा ख्रिसमस कधी, तर तो म्हणतो, कलकलच्या दिवशी.

आगेरासुद्धा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीच असतो. नवं भात चर्चमध्ये नेतात. शेत कुठे राहिलं आमच्याकडे? लोंब्या बाहेरून आणतात. तरी मिरवणूक निघते आणि लुगडं नेसून मी जाते.

बीडीडी_ते_टॉवर | ३० ऑक्टोबर, सकाळी ९.४५

आयडीवरून कळलंच असेल. वरळीच्या बीडीडी चाळीत जन्म. ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांत. ही तिथली पहिली दिवाळी.

आम्ही बौद्ध. घरात लक्ष्मीपूजन नाही, पण फराळाची ताटं चाळीत सगळीकडून यायची आणि सगळीकडे जायची. कंदील अख्ख्या मजल्याचे एकसारखे, पोरं पॅसेजमध्ये बांबूच्या काड्या तासत बसायची. आमचा मोठा दिवस १४ एप्रिल. त्याला पंचांग लागत नाही. आदल्या रात्री बाराला केक, निळे झेंडे, आणि आईच्या हातची खीर रांगेने वाटायची.

आता टॉवरमध्ये पॅसेज आहे, पण दारं बंद असतात. ताट घेऊन मुलगी शेजारी गेली तर बेल वाजवायला लाजली. चाळीत बेलच नव्हती. चार घरांत गेली, तिघांनी ‘कोण?’ विचारलं. तिघंही आमच्याच जुन्या चाळीतले. दाराला भिंग आहे ना, त्यातून बघून ओळखेनात.

६ डिसेंबर सण नाही आमचा, पण वर्षातला तो दिवस मी चुकवत नाही. वडील दादरला शिवाजी पार्कात पाणी वाटायचे. रात्रभर लांबून आलेली माणसं, पायात चप्पल नसलेली. मला सहाव्या वर्षी ग्लास धुवायला बसवलं होतं. यंदा मुलीला नेणार आहे. ती विचारतेय, किती वाजता घरी येऊ. मी म्हटलं, पाणी संपलं की.

बाकावरचा | ३० ऑक्टोबर, सकाळी ९.५८

यावर विनोद नाही. पोस्ट आवडली.

अर्धीभाकरी | ३० ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मीही लिहू का. मी एकटी वाढवतेय मुलीला, नवरा जाऊन सहा वर्षं. वरच्या चर्चेत हळदीकुंकवाचं कौतुक झालं, त्याला मुदत मोठी वगैरे. ती मुदत मला लागू नाही. संक्रांतीला सोसायटीत सगळ्यांकडे बोलावणं जातं, माझ्या दारावरून पुढे. तिळगूळ मात्र मुलीच्या हातात देतात. वाणातला स्टीलचा डबाही एकीने दिला होता, “आईला दे” म्हणून. मुलीने तो परत नेऊन दिला. मी सांगितलं नव्हतं तिला.

दिवाळीला आम्ही दोघी बाहेर जातो. शिवाजी पार्कची रोषणाई बघतो, माहीमच्या कंदील गल्लीत एक कंदील घेतो, महागातला. घरी आल्यावर मॅगी. तो सण आहे की नाही, माहीत नाही. दर वर्षी कंदील तीच निवडते आणि दर वर्षी तो खिडकीपेक्षा मोठा असतो.

सुगरण_नाही | ३० ऑक्टोबर, दुपारी ४.४८

डबा परत दिला! शाब्बास पोरी.

रातपाळी | ३१ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

अर्धीभाकरी, तुमची पोस्ट काल रात्री वॉर्डात वाचली. मुदतीचं लिहिताना मी माझ्यापुरतंच बघत होते, हे कळलं.

आमच्या स्टाफरूममध्ये संक्रांतीला सगळ्यांना लावतात. सिस्टर, आया मावश्या, ज्यांचे नवरे आहेत, गेलेत, सोडून गेलेत, ज्यांनी लग्नच केलं नाही. विचारत बसायला वेळच नसतो. करंडा ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये फिरतो आणि जिची ड्युटी असेल तिला मिळतं. घरी मात्र सासूबाईंच्या यादीप्रमाणे होत आलंय, आणि ती यादी मी चौदा वर्षं बघितली नव्हती. आज सकाळी बघितली. आमच्याच मजल्यावरच्या दोघी त्यात नाहीत. सासूबाईंशी बोलले. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांची स्वतःची बहीणही त्या यादीत नसते, हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला संपर्कातून मेल करते. जानेवारीत या. काळाचौकी लांब पडत नसेल तर मुलीला घेऊन या. मोठा कंदीलही आणा, आमची गॅलरी रुंद आहे.

दादर_पश्चिम | ३१ ऑक्टोबर, सकाळी ११.००

माझी बायको गेल्यापासून सण मी एकटा करतो. तिथी पाळायची तिची शिस्त, मला काहीच येत नव्हतं. पहिल्या वर्षी पंचांग उघडून बसलो ते तिच्या सवयीने. म्हणून तिथीचा हट्ट. दुसरं काही नाही.

बोरिवली_लोकल | ३१ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

काका, गणपतीला आमच्याकडे या. तिथीला. बाबांचं पाणी प्यायला.

बाकावरचा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ११.२२

लोकल, आधी मोदक शिका.

रातपाळी | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ५.५०

धागा वर काढतेय, क्षमस्व. अपडेट द्यायचा होता.

तुळशीचं लग्न रविवारी लागलं सगळीकडे, मला इव्हिनिंग. आम्ही काल लावलं, पौर्णिमेला. काका, मुदतीच्या आत! ऊस रविवारीच आणून ठेवला होता, तर धाकट्याने वरून एक पेर मोडून खाल्लेलं. मांडव एका बाजूने बुटका झाला. मंगलाष्टकं लेकीने म्हटली, मोबाइलवर बघून, मध्येच चार्जिंग गेलं तेव्हा सासूबाईंनी पुढची पाठ म्हटली. अक्षता पोरांनी एवढ्या जोरात टाकल्या की आज सकाळी भाजीच्या टोपलीत तांदूळ सापडले.

मजल्यावरच्या त्या दोघींना मी जाऊन बोलावलं. एक आल्या. दुसऱ्यांनी दारातूनच “बघू” म्हटलं. आलेल्या काकूंना कुंकवाचा करंडा मी पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. तो सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि त्यांना लावलं. बोलल्या काही नाहीत, पोह्याच्या ताटात खोबरं थोडं जास्त घातलं.

चला, निघते. आज नाइट.

दादर_पश्चिम | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.०२

उत्तम. बोरं मिळाली का? यंदा दादरला दिसली नाहीत.

रातपाळी | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

नाही मिळाली. आवळे आणि चिंचा होत्या. बोरांच्या जागी धाकट्याने रंगीत गोळ्या ठेवल्या, त्यातल्या तीन सकाळपर्यंत गायब. ड्युटीला निघतेय, नंतर लिहिते.